सिमँटिक स्कॉलर

सिमँटिक स्कॉलर : शोधनिबंध शोधण्यासाठी व त्यांचा प्रभाव जोखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारे विनामूल्य शोधयंत्र (पहा : कृत्रिम बुद्धिमत्ता, शोधयंत्र). पॉल ॲलन यांनी सिॲटल (अमेरिका) येथे स्थापलेल्या ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय या ना-नफा संस्थेने ते नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू केले. आरंभी संगणकविज्ञानापुरता असलेला संग्रह पुढे जैववैद्यक व अन्य विद्याशाखांत विस्तारला. त्यात २० कोटींहून अधिक निबंधांच्या नोंदी आहेत. एखाद्या निबंधावर खरोखर आधारलेले संदर्भ आणि केवळ ओझरते उल्लेख यांत यंत्र-अध्ययनाद्वारे भेद केला जातो (पहा : यंत्र-अध्ययन). २०२० पासून अनेक निबंधांचे एकवाक्यी यंत्रनिर्मित सारांश मिळतात. यातील विदा एपीआयद्वारे (अन्य संगणकप्रणालींना विदा मागवता येईल अशा जोडणीद्वारे) खुली असून एलिसिटसारखी संशोधन-साहाय्यक साधने तिचा उपयोग करतात.