कंपाउंड धनुष्यासाठी बाण निवडताना : आधी धनुष्याचं माप, मग बाणाची खरेदी

सातारा : ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं. दोघांचाही सराव साताऱ्यात झालेला. तेव्हापासून गावोगावच्या पालकांना कंपाउंड धनुष्य माहीत झालं. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही होणार आहे.

धनुष्य घेताना घरची मंडळी चार ठिकाणी चौकशी करतात. बाण मात्र दुकानदार देईल ते किंवा दुसऱ्या मुलाचे जुने घेतले जातात. इथंच चूक होते. चुकीच्या बाणाने गुण तर जातातच, पण नळी फुटून हाताला इजा होऊ शकते.

स्पाइन म्हणजे काय?

बाणाच्या नळीला शाफ्ट म्हणतात आणि तिच्या ताठपणाला स्पाइन. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर नळी ठेवून मधोमध १.९४ पौंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात. नळी अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००, ०.४ इंच वाकली तर ४००. म्हणजे आकडा जेवढा लहान, तेवढी नळी ताठ. नवखी माणसं नेमकं उलटं समजतात.

कोणता स्पाइन लागेल, हे तीन गोष्टींवर ठरतं :

१. धनुष्याचा ताण : ताण वाढला की नळी जास्त ताठ लागते. जागतिक नियमानुसार स्पर्धेत कंपाउंडचा ताण जास्तीत जास्त ६० पौंड असतो.

२. नळीची लांबी : लांब नळी जास्त लवचीक वागते. तीच नळी कापून आखूड केली की ताठ वागते.

३. टोकाचं वजन : टोक जड केलं की सुटताना नळी जास्त वाकते.

प्रत्येक कंपनीचा बाणांचा तक्ता असतो. त्यात ताण आणि लांबी बघून स्पाइन मिळतो. दोन रकान्यांच्या मध्ये अडकलात तर कंपाउंडसाठी ताठ बाजूची नळी घ्यावी. जास्त लवचीक नळी धोक्याची.

लांबी कशी मोजायची?

प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली मुलाने लांब बाण लावून दोरी पूर्ण ओढायची आणि बाण ज्यावर टेकतो त्या रेस्टच्या पुढे निदान एक इंच अंतरावर खूण करायची. वाढत्या वयाच्या मुलासाठी दोन इंच जादा ठेवावेत. बाण आखूड पडला तर टोक रेस्टवरून मागे सरकतं आणि सुटताना अपघात होतो. लांबी जादा ठेवली तर स्पाइनही त्याच लांबीवर बघावा.

हलका बाण नको

हलका बाण वेगात जातो, म्हणून मुलांना तो आवडतो. पण बाण फार हलका असला तर धनुष्याची ताकद बाणात न जाता पात्यांना, दोरीला आणि चाकांना बसते. रिकामी दोरी सोडल्यासारखंच ते. साधारण हिशोब असा की ताणाच्या दर पौंडाला निदान ५ ग्रेन. ५० पौंडाच्या धनुष्याला टोक, नॉक, पिसं धरून पूर्ण बाण निदान २५० ग्रेन, म्हणजे साधारण १६ ग्रॅम हवा. धनुष्याच्या कंपनीने जास्त सांगितलं असेल तर तेच पाळावं.

जाड की बारीक?

कंपाउंडची मैदानी स्पर्धा ५० मीटरवर होते. तिथला १० गुणांचा गोल ८ सेंटिमीटरचा. उघड्या मैदानात वारा बाणाला ढकलतो, म्हणून बारीक कार्बन नळी बरी. बंदिस्त हॉलमध्ये १८ मीटरवर वारा नसतो आणि बाण रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो, म्हणून तिथे जाड नळीचा फायदा. नियमात नळीची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंतच चालते. नव्या मुलाने दोन प्रकारचे संच घेण्याची घाई करू नये. एकाच संचावर सराव पक्का करावा.

इंडियन राउंडमधून कंपाउंडकडे येणाऱ्या मुलांनी जुने बाण सोबत आणू नयेत. लाकडी किंवा बांबूचा बाण कंपाउंडला कधीच लावू नये, तो सुटतानाच फुटू शकतो.

रोजची तपासणी

कार्बनची चीर डोळ्यांना पटकन दिसत नाही. सराव सुरू करताना आणि बाण बाणावर किंवा कडक वस्तूवर आदळल्यावर दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून लांब, नळी हळू वाकवावी. चारही बाजूंनी फिरवून बघावी. कडकड आवाज आला की तो बाण बाद. नळीवरून कापसाचा बोळा फिरवला की सुटलेले धागे त्याला अडकतात. बाद बाण मोडून टाकावा, नाहीतर लहान भाऊ उचलून वापरतो. नॉकला तडा असेल तर लगेच बदलावा. कार्बन नळी घरी करवतीने कापू नये. कडा उसवतात आणि धूळ छातीत जाते.

खरेदीचा क्रम

आधी प्रशिक्षकांकडून धनुष्याचा ताण आणि मुलाची ओढण्याची लांबी पक्की करून घ्यावी. मग तक्ता बघावा. शक्य असेल तर त्याच मापाचे दोन-तीन बाण मारून बघावेत, आणि मगच डझनाची खरेदी. सगळे बाण एकाच वजनाचे, एकाच टोकाचे असावेत. स्पर्धेत प्रत्येक बाणावर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं लागतात. ताण वाढवला किंवा मुलाची उंची वाढली की माप पुन्हा घ्यावं. गेल्या वर्षीचा बरोबर बाण यंदा चुकीचा असू शकतो.