तुतारीवाली बाई आणि फाटकावरची बाई

 आज आपण सिनेमाविषयी बोलणार आहोत. पण नटनट्यांच्या गप्पा मारायला नव्हे. सिनेमा कुठे बनतो, कोण बनवतं आणि त्यात बाई कशी दिसते, हे बघायला.

आपल्या किनाऱ्याला शूटिंग काही नवं नाही. काशीद म्हणा, मुरूड म्हणा, अलिबाग म्हणा, गाड्या येतात, वाळूत दिवे उभे राहतात, दोन दिवस गर्दी होते आणि तिसऱ्या दिवशी सगळं गायब. मग कधीतरी टीव्हीवर तसा एखादा सिनेमा लागतो. समुद्र आपला, होड्या आपल्या. आणि त्यातली कोळीण? तिची टोपली कोरी करकरीत, लुगड्याला चिखलाचा डाग नाही आणि ती सारखी नाचतेय. पहाटे लिलावाला उभी राहणारी, बोंबील वाळत घालणारी, पावसाळ्यात बोटी बंद असताना घर चालवणारी बाई त्यात बहुतेक दिसत नाही.

आपल्याला वाटतं, मोठ्या स्टुडिओवाल्यांना आपलं काय कळणार? साध्या, लहान लोकांनी सिनेमा काढला असता तर बाई खरी दिसली असती. हे खरं आहे का? आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात याचं उत्तर सापडतं, कारण इथे सिनेमा घरात बनला, कारखान्यात बनला आणि मोठ्या स्टुडिओतही बनला.

सुरुवात घरापासून करू. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला. स्टुडिओ म्हणजे दादरचं राहतं घर. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कोऱ्या फिल्मच्या कडांना ठरावीक अंतरावर भोकं पाडावी लागत, ते काम त्या अंधारात बसून करत. फिल्म धुणं, उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळवणं आणि मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच. आता चित्रात बघा. तारामतीचं काम केलं अण्णा साळुंके यांनी, ते एका खानावळीत स्वयंपाकी होते. या मूकपटाचा थोडाच भाग आज उरला आहे. त्यात तारामती सख्यांबरोबर पाण्यात उतरते, आणि त्या सगळ्या सख्या म्हणजे लुगडी नेसलेले पुरुष! त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळत नव्हती. ती मिळाली त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमला, या मायलेकी पडद्यावर आल्या.

म्हणजे बघा, सर्वांत लहान स्टुडिओत बाईचे कष्ट सर्वांत जास्त, आणि पहिल्या चित्रात बाई एकही नाही. लहान जागा म्हणजे आपोआप न्याय, असं काही नसतं. आपल्या घरच्या धंद्यातही हे आपण बघतो. राबते बाई आणि पाटीवर नाव दुसऱ्याचंच.

आता कोल्हापूरला जाऊ. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणत. त्यांनी १९१८च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. या कंपनीला भांडवल देणाऱ्यांत एक बाई होती, गायिका तानीबाई कागलकर. हे नाव लक्षात ठेवा. गाणाऱ्या बाईकडे समाज कुठल्या नजरेनं बघायचा ते सांगायला नको, पण कंपनी उभी राहताना तिचा पैसा चालला.

याच कंपनीनं १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. तोवर पडद्यावर बहुतेक देव आणि राजे होते. इथे एक कर्जबाजारी शेतकरी आला. सावकार जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणीच्या वाटेला लागतो. शेतकऱ्याचं काम केलं होतं तरुण व्ही. शांताराम यांनी. तो मूकपट आज बघायला मिळत नाही. पण ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणीत एक चित्र कायमचं राहिलं: अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि गळा काढून रडणारा एक कुत्रा. बस, एवढंच. बाबूराव चित्रकार होते. झोपडीवर उजेड कमी टाकला की घर रिकामं झालं हे कळतं, हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या दारात वसुलीवाला येऊन गेला आहे त्यांना ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. मूकपटाला शब्द नव्हते आणि इथे ते लागलेही नाहीत.

याच कंपनीतली शिकलेली माणसं १९२९ साली बाहेर पडली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर. त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन ‘प्रभात’ काढली. १९३२ साली तिथे ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट झाला. गोष्ट तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. पण आता तारामती झाल्या दुर्गा खोटे. १९ वर्षांत खानावळीतल्या स्वयंपाक्याच्या जागी एक शिकलेली बाई उभी राहिली आणि तिचा स्वतःचा आवाजही ऐकू आला.

पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. तिथे मोठं स्टेज होतं, फिल्म धुण्याची स्वतःची सोय होती, चित्रणासाठी तळंसुद्धा होतं. नट असो की सुतार, माणसं महिन्याच्या पगारावर. कंपनीची खूण होती तुतारी फुंकणारी बाई. सिनेमाच्या आधी ती दिसायची.

मोठ्या स्टुडिओनं बाईला कसं दाखवलं? दोन चित्रं सांगते.

पहिलं ‘संत तुकाराम’मधलं, १९३६चं. तुकाराम अभंगात रमलेले आणि जिजाई संसाराच्या रगाड्यात. जिजाईचं काम करणारी गौरी ही काही नाटकात नावाजलेली नटी नव्हती. कंपनीतच किरकोळ कामं करत ती पुढे आली होती. तिचे हात बघा, ते मोकळे दिसतच नाहीत. पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला घेऊन देवळात शिरते आणि विठोबावरच चप्पल उगारते. शेवटी तुकोबांना वैकुंठाला न्यायला विमान येतं. जिजाई मात्र पोरांपाशी, जमिनीवरच राहते. सिनेमा संतांचा, पण बघणाऱ्या बायका आपली म्हणून घरी नेतात ती जिजाईला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही या सिनेमाचा गौरव झाला.

दुसरं चित्र ‘कुंकू’मधलं, १९३७चं. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावलं जातं. ती म्हणते, हे लग्न मला मान्य नाही, आणि त्याच घरात राहून त्याला नवरा मानत नाही. नीराचं काम केलं शांता आपटे यांनी. या सिनेमात मागे वाजणारं संगीत नाही, घरात जे वाजेल तेच ऐकू येतं. घरातल्या वस्तूच गोष्ट सांगतात. आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यांत म्हाताऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. कुणी भाषण करून सांगत नाही की हा अन्याय आहे. बाईनं वर्षानुवर्षं ज्यात बघून कुंकू लावायचं तो आरसा या वेळी पुरुषासमोर धरला आहे.

म्हणजे मोठ्या स्टुडिओनं बाई खरी दाखवली. मग सगळं चांगलंच झालं का? थांबा. दोन वर्षांनी, १९३९ साली, याच शांता आपटे प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. भांडण कराराचं होतं. पडद्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला कंपनीच्या दारातही तेच म्हणावं लागलं. आत तुतारीवाली बाई, बाहेर उपाशी बसलेली बाई. पुढच्याच वर्षी त्यांनी एक पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमांत?’ नाव प्रश्नाचं आहे आणि तो प्रश्न त्यांनी इतर मुलींसाठी विचारला.

दुर्गा खोटे यांनी वेगळी वाट धरली. एका कंपनीच्या पगाराला बांधून न घेता त्या अनेक कंपन्यांत काम करत राहिल्या, पुढे निर्मात्या झाल्या, आणि स्वतःच्या संस्थेतर्फे लघुपट व जाहिरातपट काढले. पुन्हा लहान स्टुडिओ, पण या वेळी पाटीवर नाव बाईचं.

मोठ्याचा डोलारा मोठा, तसं ओझंही मोठं. १९४२ साली शांताराम प्रभात सोडून गेले, पुढे दहाएक वर्षांत कंपनी बंद पडली. १९६० साली त्याच जागेत सरकारनं सिनेमा शिकवणारी संस्था काढली. तिथलं तळं अजून शांतारामांच्या नावानं ओळखतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चा महाल तिथलाच. २०२३ साली थकलेल्या कर्जापायी त्यांच्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि त्याच सुमारास त्यांचं दुःखद निधन झालं. ‘सावकारी पाश’मधली झोपडी आणि हा महाल, दोघांच्या दारात कर्जच उभं होतं. बचत गटात हप्त्यांचा हिशोब ठेवणाऱ्या आपल्याला हे चटकन कळेल.

तर मैत्रिणींनो, स्टुडिओ लहान की मोठा, यावर बाईचं चित्र ठरत नाही. घरातल्या सिनेमात ती दिसलीच नाही. लहान कंपनीनं झोपडीचं दुःख दाखवलं. मोठ्या कंपनीनं जिजाई आणि नीरा दिली, पण करारासाठी नीरेलाच उपाशी बसवलं. चित्र खरं होतं ते बनवणाऱ्यानं माणसाकडे नीट बघितलं तर. आणि न्याय होतो तो कागदावर काय लिहिलंय त्यावर.

म्हणून दोन गोष्टी करून बघा. पुढच्या बैठकीत ‘कुंकू’ किंवा ‘संत तुकाराम’ एकत्र बसून पाहा, आणि तीन प्रश्न विचारा. उजेड कुणाच्या तोंडावर आहे? बाईचे हात काय करतायत? आणि चित्रात यायला हवं होतं असं कोण बाहेर राहिलं?

दुसरी गोष्ट आपल्यासाठी. हल्ली गटाच्या पापडांचं, सुकटीचं, मोदकांचं शूटिंग करायला कुणी ना कुणी मोबाइल घेऊन येतं. आनंदानं करू द्या. पण आधी विचारा: हे कुठे दाखवणार? आमची नावं येणार का? त्यावर पैसे मिळाले तर आमचा वाटा काय? आणि बाहेर जाण्याआधी आम्हाला दाखवणार का? उत्तर कागदावर घ्या. हे विचारायला शांता आपट्यांना फाटकाशी उपाशी बसावं लागलं. आपण ते आपल्या ओट्यावर बसून, चहा देता देता विचारू शकतो.

बैठकीत काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.