बालयकृताचें औषध व पितळेचें भांडें

जुन्या मासिकांचे अंक बांधवितांना जाहिरातींचीं पानें फाडून टाकण्याची रीत आम्हांस अनुचित वाटते. मद्रासेच्या मैलापूर येथील जम्मी यांचें ‘लिव्हर क्युअर’ यकृत वाढून आसन्नमरण झालेल्या बालकांस वांचवितें, अशी त्याची ख्याति होती. परंतु आभारपत्रें वांचलेल्यांचेच आईबाप लिहितात. गेलेल्यांचे कशास लिहितील? पुढें १९८३ सालीं टॅनर व पुण्याचे भावे, पंडित प्रभृतींनीं ‘लॅन्सेट’मध्यें या रोगाचें संभाव्य कारण दाखविलें: पितळेच्या भांड्यांत तापविलेल्या दुधांतून तान्ह्याच्या पोटांत जाणारें तांबें. कल्हई उडाली कीं तें दुधांत उतरतें. यास्तव मसुऱ्याकडील संग्राहकांस एखाद्या घरीं कल्हईच्या हिशेबाची वही सांपडल्यास त्यांनीं ती रद्दी समजूं नये, आभारपत्राशेजारींच ठेवावी.