झगा आणि दाढी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. संत विल्गेफोर्टिसचं मात्र विचारावं, कारण ते एका झग्याच्या घोळात दडलं आहे.

तिची कथा अशी. पोर्तुगालच्या बिगरख्रिस्ती राजाची ही मुलगी. तिने आजन्म कुमारी राहण्याचं व्रत घेतलेलं आणि बापाने लग्न ठरवलेलं. ‘मला कुरूप कर,’ असं तिने देवाला विनवलं. तिला दाढी फुटली. नवरदेव माघारी फिरला आणि चिडलेल्या बापाने तिला क्रुसावर चढवलं.

अशी राजकन्या इतिहासात सापडत नाही. सापडतो तो इटलीतल्या लुक्का शहराच्या कॅथेड्रलमधला लाकडी क्रूस, ‘व्होल्तो सांतो’ म्हणजे पवित्र मुख. २०२० साली जाहीर झालेल्या कार्बन चाचणीनुसार तो आठव्या-नवव्या शतकातला आहे. त्यावरच्या येशूच्या अंगात पायघोळ झगा आहे. यात्रेकरू आणि व्यापारी यांच्याबरोबर या क्रुसाच्या प्रतिकृती युरोपभर गेल्या. पण तोवर लोकांच्या डोळ्यांना कमरेपुरतं वस्त्र नेसलेला येशू सवयीचा झाला होता. मग हा झगा कुणाचा? बाईचा. आणि दाढी? तिच्यासाठी गोष्ट रचावी लागली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत ती रुजली, असा अभ्यासकांचा कयास आहे. लुक्काचा येशू एका गरीब वादकाला पायातला चांदीचा जोडा देतो, अशी आख्यायिका होती. पुढे तोच चमत्कार या राजकन्येच्या नावावर जमा झाला.

दाढीचा उलगडा असा होतो, भक्तीचा होत नाही. जर्मन मुलखात ती क्युमेरनिस झाली, नेदरलँड्समध्ये ओंटकोमर, इंग्लंडमध्ये अनकंबर. ही नावं चिंतेशी आणि तिच्यातून सुटण्याशी जोडली गेली. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये बायका तिला ओट वाहत. ओट म्हणजे घोड्याची चंदी. १५२९ साली इंग्रज लेखक टॉमस मोरने त्यांची टर उडवली : वाईट नवऱ्याला सैतानाकडे जायला घोडा मिळावा म्हणूनच हा नैवेद्य असेल!

चर्चने तिच्यात कौमार्य जपणारी हुतात्मा पाहिली. संसाराला विटलेल्या बायकांनी तिच्यात नको असलेल्या पुरुषाला दारातून परतवणारी बाई पाहिली. मूर्ती ओळखण्यात चूक झाली असेल. पण पदरात ओट घेऊन येणारीला आपण काय मागायला आलोय, ते पक्कं ठाऊक होतं.