सह्याद्रीचें पाणी आणि मुंबईचा धूर

टाटांच्या घाटमाथ्यावरील जलविद्युत्-योजनांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्याचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. एकांत जमशेटजींच्या दूरदृष्टीचें कौतुक असतें आणि मुळशीचें नांव एखाद्या ओळीपलीकडे येत नाहीं. दुसऱ्यांत सेनापति बापटांच्या सत्याग्रहाची हकीकत असते आणि मुंबईच्या हवेचा विचार तेथें नसतो. दोन्ही वर्गांचे लेखक एकमेकांचीं साधनें पाहत नाहींत. अलीकडे कोळशाऐवजीं पाणी, वारा व ऊन ह्यांपासून वीज करण्यांत पैसा घालावा म्हणजे हवा निर्मळ राहील, असें सर्वत्र बोललें जातें. हा प्रयोग आपल्या प्रांतांत शंभर वर्षांपूर्वीं खराखुरा पैसा घालून झालेला आहे. त्याचा जमाखर्च तपासण्याजोगे कागद अद्यापि सर्वस्वीं नष्ट झालेले नाहींत. म्हणून हा प्रपंच.

प्रथम एकदोन गैरसमज दूर करणें अवश्य आहे. खोपोलीचें वीजघर हिंदुस्थानांतील पहिलें जलविद्युत्-केंद्र, असें कांहीं स्मरणपुस्तिकांत छापलेलें आढळतें. तें चूक आहे. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथें १८९७ सालीं व म्हैसूर संस्थानांत शिवसमुद्रम् येथें १९०२ सालीं अशी वीज निघूं लागली होती. खोपोलीचें वैशिष्ट्य निराळें आहे. एका मोठ्या औद्योगिक शहराचा कोळसा पाण्यानें हटवावयाचा, हा हेतु धरून आणि मुख्यतः देशी भांडवलावर उभें राहिलेलें हें काम होय. दुसरा घोटाळा तीन योजना एक समजण्याचा. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी खोपोलीस उतरतें. आंध्रा खोऱ्याचें भिवपुरीस. आणि मुळशीचें भिऱ्यास. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं व भिऱ्याचें १९२७ सालीं चालू झालें. कंपन्याही तीन होत्या. मुळशीच्या सत्याग्रहाचे कागद खोपोलीच्या कंपनीच्या अहवालांत शोधणारे अभ्यासक आम्हांस भेटले आहेत. त्यांना ते तेथें सांपडले नाहींत ह्यांत नवल नाहीं.

पहिली कंपनी १९१० सालीं नोंदली गेली. (त्याच सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, हा केवळ योगायोग, परंतु संग्राहकांस सालाची आठवण ठेवण्यास तो उपयोगी पडेल.) घाटावरील पावसाच्या पाण्यापासून मुंबईस वीज पुरवावी ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग ह्यांची, ती जमशेटजींनीं उचलून धरली. जमशेटजी १९०४ सालीं निवर्तले व पुढील खटाटोप दोराबजींस करावा लागला. लंडनच्या बाजारांत भांडवलाच्या अटी जुळेनात, तेव्हां तें ह्याच देशांत उभारण्याचें ठरलें. सुमारें दोन कोटी रुपयांचे भाग संस्थानिक, व्यापारी व इतर धनिक ह्यांनीं घेतले. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेचें त्यास पाठबळ होतें, हें १९०७ सालच्या पोलादाच्या कंपनीच्या भागांवरूनही दिसतें. फेब्रुवारी १९११ मध्यें गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, म्हणजे पुढचे लॉर्ड सिडनहॅम, ह्यांनीं लोणावळ्यास कोनशिला बसविली. फेब्रुवारी १९१५ मध्यें लॉर्ड विलिंग्डन ह्यांनीं वीज सुरू केली.

आतां हेतूविषयीं. भाग घेणाऱ्यांनीं मुंबईच्या हवेसाठीं पैसे दिले असें म्हणणें म्हणजे आजची भाषा कालच्या माणसांच्या तोंडीं घालणें होय. मुंबईजवळ कोळसा नाहीं. तो बंगाल-बिहारच्या खाणींतून आगगाडीनें किंवा कलकत्त्याहून जहाजानें येई, आणि वाहतुकीचा खर्च गिरणीवाल्यांच्या डोक्यावर बसे. स्वस्त व अखंड शक्ति हवी, हें मूळ कारण. तथापि धुराचा प्रश्न कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता असेंही नाहीं. कलकत्त्यासाठीं १९०५ सालीं धूरनिवारणाचा कायदा झाला, आणि मुंबईसाठीं तसाच कायदा १९१२ सालीं, म्हणजे खोपोलीचें बांधकाम चालू असतांनाच, मंजूर झाला. परळ-लालबागेच्या धुराड्यांवर कायद्यानें बंधन घालण्याची पाळी ज्या वर्षीं आली, त्याच सुमारास त्यांस पर्याय तयार होत होता. दोन्ही गोष्टी एकाच हातानें घडविल्या असा पुरावा आमच्यापुढें नाहीं. पण कायद्याहून पर्यायानेंच अधिक काम केलें, असें आमचें मत आहे.

लाभ किती, ह्याचें गणित सोपें आहे व तें कोणासही पडताळून पाहतां येईल. खोपोलीस पाणी पांचशें मीटरांहून अधिक उंचीवरून पडतें. एक घनमीटर पाणी एवढें खालीं आलें कीं एका युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. तितकेंच काम त्या काळच्या बाष्पयंत्राकडून घ्यावयाचें तर किलोभराहून अधिक कोळसा जाळावा लागे, आणि किलोभर कोळशापासून सुमारें दोन किलो कर्बवायु हवेंत जातो. काजळी, राख व गंधकाची वाफ निराळीच. एक अब्ज घनफूट पाणी घाट उतरलें म्हणजे ह्या हिशेबानें निदान तीस हजार टन कोळसा खाणींत राहिला. खाणींत राहिला, हें मुद्दाम म्हणतों. झरियाच्या कोळशाच्या थरांस लागलेली आग १९१६ सालीं प्रथम आढळली, म्हणजे खोपोलीची वीज सुरू झाल्यावर वर्षभरानें. ती अजून विझलेली नाहीं. धूर केवळ धुराड्याच्या तोंडाशीं मोजणारे कोळशाच्या मुळाशीं काय जळतें तें विसरतात. मुंबईचा सगळा धूर मात्र गेला नाहीं. सुतास खळ देण्यास व रंगकामास वाफ लागे, तेव्हां पुष्कळ गिरण्यांच्या भट्ट्या विजेनंतरही पेटत राहिल्या.

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू मुळा नदीच्या खोऱ्यांत आहे.

पौड खोरें हें बारा मावळांपैकीं एक. ढमाले देशमुखांचें वतन म्हणून आमच्या वाचकांस तें परिचित आहे. मुळशी पेट्यांतील भातखाचरें आंबेमोहरासाठीं नांवाजलेलीं. तेथें धरण बांधावयाचें ठरलें तेव्हां सुमारें पन्नास गांवें व अकरा हजार माणसें त्याच्या पाण्याखालीं येणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रहास प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे धुरीण. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. १८९४ च्या जमीनसंपादन कायद्याखालीं सरकारनें जमिनी घेतल्या. येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे, कारण पुण्यांतील लेखक ती हलकेंच सांगतात. कसणारे मावळे असले तरी पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. मोबदल्याचा दर ठरला तेव्हां सावकारांचा विरोध ओसरला आणि कुळें उघड्यावर पडलीं. चळवळ १९२४ च्या अखेरीस संपली. बापटांनीं मजुरांची गाडी अडविली, गोळीबार झाला, व त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. सेनापति हें बिरुद त्यांस ह्याच लढ्यानें मिळालें.

ह्या लढ्यास जगांतील पहिली धरणविरोधी चळवळ म्हणण्याचा प्रघात राजेंद्र व्होरा ह्यांच्या २००९ च्या इंग्रजी ग्रंथापासून विशेष रूढ झाला. अमेरिकेंत हेच हेची खोऱ्याच्या बुडिताविरुद्ध जॉन म्यूर ह्यांनीं केलेली खटपट १९१३ सालींच संपली होती, हें लक्षांत घेतां तें विधान जपून करावें लागतें. परंतु तेथें भांडण वनशोभेसाठीं होतें. येथें घर बुडणारे स्वतः लढले. एवढा भेद ठेवला कीं व्होरांचें म्हणणें टिकतें.

खर्चांत आणखी एक बाब आहे. मुळा, इंद्रायणी व आंध्रा ह्या भीमेच्या खोऱ्यांतील नद्या. त्यांचें पूर्वेस जाणारें पाणी पश्चिमेस वळविलें गेलें. पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका ह्या कोंकणांतील नद्यांच्या कांठीं गांवांस व कारखान्यांस तें उपयोगी पडलें, पण देशावर तें उणें झालें. पुढें कृष्णा पाणीतंटा लवादास १९७६ च्या निवाड्यांत ह्या वळवणीवर मर्यादा घालावी लागली. आणि मुंबईची भूक एवढ्या पाण्यानेंही भागली नाहीं. १९५६ सालीं तुर्भ्यास त्याच समूहाचें औष्णिक वीजघर सुरू झालें, आणि धुराडें पुनः उभें राहिलें.

तरीही लाभ खरा होता, असें आम्ही मानतों. पाऊस दरवर्षीं पडतो व खोपोली, भिवपुरी, भिरा हीं तिन्ही वीजघरें शंभर वर्षांनंतरही वीज देतात. लाभ लालबागेस झाला व किंमत मुळशीनें दिली, ही तक्रार पाण्याच्या विजेविरुद्ध नाहीं. भांडवल उभारतांना बुडणाऱ्या माणसांस त्यांत भागीदार धरलें नाहीं, त्याविरुद्ध आहे.

संग्राहकांस विनंती एवढीच. कंपन्यांचे वार्षिक अहवाल बांधीव असल्यानें ते टिकले आहेत. दुसऱ्या बाजूचे कागद म्हणजे संपादनाच्या नोटिसा, मोबदल्याचे निवाडे, कुळांचीं गहाणखतें, सत्याग्रहाचीं पत्रकें. हे उठलेल्या कुटुंबांच्या बासनांत विखुरलेले आहेत, आणि सनदेचें मोल जाणणारे खरेदीदार १९२२ ची नोटीस रद्दी समजतात. भुस्कुट्यांचा ‘मुळशी सत्याग्रह’ हा ग्रंथ हाताशीं ठेवून गांववार शोध घेतला, तर गांवांची यादी तरी निर्विवाद होईल. ती आज पुस्तकागणिक बदलते. ऑगस्ट २०२३ मध्यें टाटा कंपनीनें राज्य सरकाराशीं शिरवतें व भिवपुरी येथें, पाणी पंपानें वर चढवून पुनः वीज करण्याच्या दोन योजनांचा करार केला. एक १८०० मेगावाटची व दुसरी १००० मेगावाटची. त्यांच्या नोटिसा, नकाशे व हरकतींचे अर्ज निघतील तसतसे आतांपासूनच जमवून ठेवावे.