वेषांतरास कारण हवे

सात खुनांच्या पायावर विनोदी बोलपट उभा राहू शकेल, हे आमच्या वाचकांस सहजासहजी पटणार नाही. हॉलिवुडचा दिग्दर्शक बिली वाइल्डर याने १९५९ साली ‘सम लाइक इट हॉट’मध्ये ते साधले. त्याचे मूळ १९३५ सालच्या ‘फांफार दामूर’ या फ्रेंच बोलपटात आहे. दोन बेकार वादक पोटासाठी स्त्रीवेष घेऊन बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात, एवढेच त्यातले कथाबीज. १९५१ साली जर्मनांनीही ते पडद्यावर आणले होते.

वाइल्डर आणि त्याचा सहलेखक डायमंड यांना त्यात एक उणीव दिसली. केवळ भुकेसाठी घेतलेला वेष पोट भरताच उतरवता येतो. मग कथा पुढे कशी चालावी? वेष उतरला की प्राण गेले, असा पेच हवा होता. तो त्यांना शिकागोत १४ फेब्रुवारी १९२९ रोजी झालेल्या हत्याकांडात सापडला. त्या दिवशी एका गॅरेजमध्ये गुंडांनी ७ जणांना भिंतीशी उभे करून ठार केले होते. बोलपटातील वादक तसाच प्रकार डोळ्यांनी पाहतात आणि पळ काढतात.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. मूळ कथेच्या लेखकांपैकी रॉबर्ट थोरेन आणि स्वतः वाइल्डर, दोघेही हिटलरच्या उदयानंतर जर्मनी सोडून फ्रान्समार्गे अमेरिकेस गेलेले. वाइल्डरची आई मागे राहिली व नाझींच्या संहारात बळी पडली. जिवाच्या भयाने स्वतःची ओळख लपविण्याची कल्पना अशा माणसास सुचावी, यात आम्ही केवळ पटकथेची सोय मानीत नाही.

बाकी खटपट रंगभूषेची. मेरिलिन मन्रोच्या करारात रंगीत चित्रपटाची अट होती. परंतु रंगीत चाचणीत टोनी कर्टिस व जॅक लेमन यांचे रंगविलेले चेहरे हिरवट दिसू लागले, तेव्हा तिने कृष्णधवलास संमती दिली. बालगंधर्वांची भूमिका पाहताना आमचे वडीलधारे आतला पुरुष विसरून जात. येथे मात्र तो क्षणभरही विसरून चालत नाही.

अखेरीस लेमन केसांचा टोप काढून आपण पुरुष असल्याचे सांगतो, तरी त्याच्यावर भाळलेला म्हातारा धनिक डगमगत नाही. त्या म्हाताऱ्याच्या तोंडचे वाक्य लेखकांनी तात्पुरते म्हणून लिहून ठेवले होते. त्याहून चांगले सुचले नाही, आणि तेच कायम राहिले.