आयदान आणि इतिहास : उर्मिला पवार यांचे कार्य

आंबेडकरी चळवळीत स्त्रियांचा सहभाग मोठा होता, हे आम्ही प्रत्येक जयंतीला व्यासपीठावरून सांगतो. या स्त्रिया कोण होत्या, त्यांची नावे काय, असे कोणी विचारले तर रमाईंच्या पुढे आमची जीभ अडखळते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात दोन स्त्रिया घरोघर फिरल्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. पैकी उर्मिलाताईंच्या वाटचालीविषयी येथे लिहीत आहोत.

त्यांचा जन्म १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. वडील शिक्षक होते. मुलांनी शिकावे म्हणून त्यांनी कुटुंब गावातून रत्नागिरीस आणले. त्यांच्या निधनानंतर आईने बांबूच्या सुपे-टोपल्या, म्हणजे आयदाने, विणून संसार चालविला. पण मुलांची शाळा सुटू दिली नाही. धम्मदीक्षेच्या काळात उर्मिलाताई शाळकरी मुलगी होत्या. पुढे सरकारी नोकरी, विवाह, मुंबईतील वास्तव्य, मुलांचे संगोपन आणि हे सर्व सांभाळून मराठी विषयातील एम. ए. ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह १९८८ चा.

ग्रंथाचे काम सोपे नव्हते. सभांच्या वृत्तांतात स्त्रियांचा उल्लेख बहुधा ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ एवढ्यावर संपतो. म्हणून ज्या हयात होत्या त्यांच्याकडेच जाणे भाग होते. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती आणि वयही झाले होते. आणखी दहा वर्षे कोणी गेले नसते तर ती साक्ष चितेबरोबरच संपली असती. ग्रंथाच्या पहिल्या भागात चळवळीचा इतिहास आहे, दुसऱ्या भागात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती व चरित्रे आहेत. आमच्या मते खरे मोल या दुसऱ्या भागाचे आहे.

२० जुलै १९४२ ची नागपूर येथील महिला परिषदच पाहा. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना भरपगारी रजा असे ठराव तेथे झाले. हिंदू कोड बिलाचे रणकंदन पुढे काही वर्षांनी माजले. त्यातील घटस्फोट आणि एकपत्नीत्व यांची मागणी आमच्या भगिनींनी आधीच करून ठेवली होती. पाठ्यपुस्तकांत हे शोधून पाहावे.

येथे थेरीगाथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. भिक्षुणींचे स्वतःचे उद्गार पालि वाङ्मयाने जतन केले. त्यांतील सुमंगलमाता थेरी ही अट्ठकथेनुसार एका नळकाराची, म्हणजे वेत-बोरूच्या वस्तू विणणाऱ्याची, पत्नी. आयदाने विणणाऱ्या आईच्या लेकीने आपल्या काळातील स्त्रियांचे उद्गार गोळा करावेत, हा योगायोग आम्हांला मोठा वाटतो.

२००३ मध्ये आलेल्या ‘आयदान’ या आत्मकथनाने मात्र आमच्यापैकी काहींना अस्वस्थ केले. सवर्णांच्या जाचाबरोबर घरातील पुरुषाचा अहंकारही त्यात आला. पत्नीने शिकावे, पण आधी स्वयंपाक उरकून. सभेला जावे, पण परतण्याची वेळ पाळून, हे चित्र बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले आहे. ‘घरचे धुणे चव्हाट्यावर कशाला’ हा आक्षेप आम्हांला मान्य नाही. सवर्ण समाजाला प्रश्न विचारण्यास जी लेखणी योग्य ठरते, ती आमच्या उंबरठ्याशी येताच अयोग्य कशी होते? स्त्रीमुक्ती चळवळीने जात विसरली, असेही उर्मिलाताईंनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. ते वाचताना आम्ही टाळ्या वाजविल्या होत्या.

‘संवादिनी’ या दलित स्त्री साहित्य मंचाच्या उभारणीतही त्यांचा वाटा आहे. २००८ साली दोन्ही पुस्तके इंग्रजीत गेली : ‘आयदान’ माया पंडित यांच्या अनुवादाने, तर इतिहासग्रंथ वंदना सोनाळकर यांच्या. नागपूरच्या परिषदेतील ती नावे आता परदेशी विद्यापीठांतही वाचली जातात.